दिवसभर काकडी, रात्री फरसाण

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४३, राहणार डोंबिवली, नोकरी फोर्टात. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. डिसेंबरात एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या काठावर आलं आणि डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. जिममधून बाराशे कॅलरींचा तक्ता मिळाला. तेव्हापासून सकाळी नाश्ता बंद, फक्त कोमट पाण्यात लिंबू-मध. डब्यात काकडी, गाजर, थोडी मोड आलेली मटकी. दिवसभरात तीन चहा, चारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं. रात्री फक्त सूप प्यायचं असं ठरलेलं असतं. पण घरी आल्यावर स्वयंपाक करता करता फरसाण, शेव, मुलांच्या ताटातलं उरलेलं पोटात जातं. साडेदहाला सगळे झोपले की पोळी-तूप-गूळ, लाडू, फ्रिजमधलं चॉकलेट, जे दिसेल ते. चार किलो उतरले होते, त्यातले तीन परत आले. सोमवार आणि संकष्टीचा उपास असतो, त्या रात्री तर जास्तच खाणं होतं. 'माझ्यात जिद्दच नाही. नणंद म्हणते इंजेक्शन घे. मला ते नको आहे. भूक मारायचा काही उपाय सांगा.'

नमस्कार.

तुमचा दिवस मी वेळेनुसार कागदावर मांडून पाहिला. पहाटे पाचला उठता. चौघांचे डबे भरता. ७.२० ला घर सोडता. दुपारी एकला काकडी-मटकी. संध्याकाळी पावणेआठला घराचं दार उघडता, तेव्हा उठून जवळजवळ पंधरा तास झालेले असतात आणि तोवर पोटात गेलेलं असतं अंदाजे साडेचारशे-पाचशे कॅलरींचं अन्न. त्यातही चहातली साखर, मध आणि बिस्किटांचा वाटा मोठा. मग तुम्ही चप्पल काढून थेट ओट्यापाशी जाता, कुकर लावता, आणि हाताच्या अंतरावर फरसाणाचा डबा असतो. या वेळी तुमच्या जागी कोणीही असतं तरी त्या डब्याचं झाकण उघडलंच असतं. यात जिद्दीचा प्रश्न कुठे आला, ते मला खरंच दिसत नाही.

तुम्ही पत्रात रात्रीचं खाणं सविस्तर, लाज वाटल्यासारखं लिहिलंय आणि दिवसाचं खाणं दोन ओळींत, अभिमानाने. मला उलटं वाटतं. दुरुस्ती लागणार आहे ती दिवसाला. रात्री होतं ती नुसती वसुली आहे: दिवसा थकवलेली उधारी, व्याजासकट.

हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धावर जायला तात्त्विक नकार दिलेले हे तरुण, स्वखुशीने प्रयोगात आले होते. म्हणजे जिद्दीची काही कमी नाही. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १५७० कॅलरी. वजन उतरलं. पण त्याबरोबर त्यांचं डोकं अन्नाने व्यापून गेलं. गप्पा जेवणाच्या, वाचन पाककृतींचं, ताटं चाटूनपुसून साफ. आणि पुन्हा पोटभर खायची मुभा मिळाली तेव्हा त्यांच्यापैकी अनेकजण पोट फुगेस्तोवर खात आणि तरीही भूक लागलीय म्हणत. ते पुरुष होते, त्यांना भरपूर चालायला लावत, आधीपासून सडपातळ होते. तुमच्याशी थेट तुलना होणार नाही हे कबूल. तरी त्यांचा 'उपासमारीचा' आकडा १५७० होता आणि तुमच्या जिमचा 'आरोग्याचा' आकडा १२०० आहे, हे एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहाच. शिवाय पावणेआठपर्यंत तुम्ही त्या बाराशेच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आणखी एक. वजन उतरलं की शरीर ते मुकाट्याने सोडून देत नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं कमी होतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झपाट्याने वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभरानंतर पुन्हा तपासलं, तेव्हाही हा बदल टिकून होता आणि त्यांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. म्हणून 'भूक मारायचा उपाय' मी सांगणार नाही. मारलेली भूक साडेदहाला जिवंत होते, हे तुम्हीच पाहिलंय. तिला वेळेवर, नीट खाऊ घालायचं कसं, ते सांगते.

तुमच्या ऑफिसातलं कोणीतरी दिवसातून दोनदाच जेवून बारीक झालं असेल. होतात काहीजण. ज्यांना सकाळी भूकच नसते, ज्यांचं जेवण घरी गरम आणि वेळेवर होतं, त्यांना ते सोपं जातं. पण नुसतं खाण्याचे तास आवळल्याने वेगळी जादू होते, असं दिसलेलं नाही. फरक पडतो तो एकूण कमी खाल्लं जातं म्हणून. तुमच्या बाबतीत तर हा प्रयोग होऊनच गेलाय. सकाळ कोरडी ठेवून तुमचं एकूण खाणं कमी झालं नाही, फक्त त्याची वेळ सरकून रात्रीवर गेली.

आता डबा. पहाटे तुम्ही सगळ्यांच्या डब्यात पोळी-भाजी भरता आणि स्वतःच्या डब्यात काकडी. हे पहिल्यांदा थांबवा. सगळ्यांच्या डब्यात जे, तेच तुमच्याही: दोन पोळ्या किंवा एक भाकरी, भाजी, आणि त्याबरोबर उसळ. उसळ चांगली मोठी वाटीभर, तोंडी लावण्यापुरती नव्हे. काकडी-गाजर हवंच, ते आधी खा. पण जेवण म्हणून नको, जेवणाबरोबर. कोशिंबीर आपल्या ताटात पहिल्यापासून आहे, तिला जेवणाच्या जागी कोणी बसवलं नव्हतं.

उसळीवर मी अडून बसते त्याला कारण आहे. पोट जास्त वेळ भरलेलं राहावं तर प्रथिनं आणि चोथा लागतो, आणि आपल्या रोजच्या ताटात नेमकी त्यांचीच कंजुषी असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्हाला पंचावन्न ते पासष्ट ग्रॅम धरून चाला. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात सुमारे सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम दह्यात तीन-साडेतीन, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आपण 'वरण खाल्लं' म्हणतो, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती असते ते पळी फिरवणारीलाच ठाऊक. वरण घट्ट करा. आठवड्यातून दोनदा पिठलं, एकदा अख्ख्या मसुराची आमटी. तुम्ही अंडी-मासे खाता की नाही ते पत्रात नाही. खात असाल तर काम सोपं आहे. (मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.)

नाश्त्याला रात्री भिजवलेल्या मुगाचं धिरडं आणि दही. किंवा पोहे, पण कढईत पोहे निम्मे आणि उरलेल्या निम्म्यात मटार, गाजर, मोड, वर शेंगदाणे. तेल मोजून घाला, कारण पंधरा मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि बाटली थेट कढईवर धरली की तीन चमचे कधी पडले ते कळत नाही. ७.२० च्या आधी घास उतरत नसेल तर हाच नाश्ता ऑफिसात पोचल्यावर खा. लिंबू-मध आवडत असेल तर प्या, मात्र त्याने चरबी वितळत नाही. मध ही साखरच.

सगळ्यात महत्त्वाचं खाणं मात्र मला यातलं एकही वाटत नाही. ते आहे संध्याकाळी ऑफिस सोडण्यापूर्वीचं. तुमच्यासारख्या लांबचा प्रवास करणाऱ्या प्रत्येकीने हे ठरवून टाकावं. लोकलमध्ये भाजी निवडून होते, पण सातच्या गर्दीत डबा उघडता येत नाही. म्हणून निघायच्या पंधरा मिनिटं आधी, जागेवर बसून, मूठ-दीड मूठ फुटाणे आणि एक फळ. किंवा डब्यातली थोडी उसळ राखून ठेवा. हे दीडशे-दोनशे कॅलरींचं खाणं तुमच्या तक्त्यात बसत नाही, म्हणून तुम्हाला अपराधी वाटेल. पण पावणेआठला फरसाणाच्या चार मुठी जातात, त्याही तक्त्यात नसतातच. आणि त्यांचा आकडा दोनशेच्या कितीतरी पुढे असतो.

घरी आल्यावर दहा मिनिटं ओट्यापाशी जाऊ नका. सासूबाईंना कुकर लावता येत असेल, नवऱ्याला कांदा चिरता येत असेल, मुलं मोठी असतील तर पानं घ्यायचं काम त्यांचं. हे वजनाच्या प्रश्नात का आणतेय, असं वाटेल. कारण उभ्याने, घाईत, थकून आणि एकटीने खाल्लेलं मनात जेवण म्हणून नोंदलंच जात नाही. तुम्ही ग्लासभर ताक घेऊन दहा मिनिटं बसलात तर जगबुडी होणार नाही. फरसाण घरातून हद्दपार करा असंही मी म्हणणार नाही. नवऱ्याला आवडतं, आणि घरात एकटीला बंदी म्हणजे रोजची चिडचिड. ते लहान पुडीत आणायला सांगा, वरच्या फळीवर ठेवायला सांगा, आणि खावंसं वाटलं तर वाटीत काढून, सगळ्यांबरोबर बसून खा. डब्यात हात घालून नाही, एवढाच नियम.

रात्रीचं सूप सोडा. मुलांबरोबर आठ-सव्वाआठला तेच जेवण जेवा: पोळी किंवा भात, घट्ट आमटी, भाजी दुप्पट. एकदा वाढून घ्या आणि सावकाश जेवा; पोट भरल्याचा निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं संपवायची जबाबदारी तुमच्या पोटावर कोणी आणि कधी टाकली, हा प्रश्न एकदा घरात मोठ्याने विचारा. अन्न वाया जाऊ नये हे बरोबरच आहे. त्यासाठी डबे आहेत, फ्रिज आहे, सकाळची फोडणीची पोळी आहे. मुलांना ताटात आधीच कमी वाढा, हवं असेल तर मागून घेतील.

राहिले साडेदहा. दिवसाचं खाणं सुधारल्यावर यातला मोठा भाग आपोआप गळेल असा माझा अंदाज आहे, पण सगळा नाही. त्या वेळी स्वतःला एक साधा प्रश्न विचारा: आत्ता समोर भाकरी आणि दोडक्याची भाजी आली तर खाईन का? उत्तर 'हो' आलं, तर ती भूक आहे. खा, बसून खा, वाटीभर दही-भात खा, त्याने काही बिघडत नाही. उत्तर 'नाही, लाडूच हवा' असं आलं, तर जरा थांबून बघा काय हवंय ते. पहाटे पाचपासून घरातल्या आणि ऑफिसातल्या सगळ्यांसाठी उभ्या असलेल्या बाईला साडेदहाला पहिल्यांदा कोणी हाक मारत नाही. त्या अर्ध्या तासाची तुम्हाला गरज आहे. लाडू त्याबरोबर येतो. तो अर्धा तास ठेवा, फक्त स्वयंपाकघरात घालवू नका. फोनवर मैत्रीण, गॅलरीत खुर्ची, मालिकेचा राहिलेला भाग, काहीही. एखाद्या रात्री लाडू खाल्लाच, तर एक बशीत घेऊन खा आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करा. 'काल बिघडलं म्हणून आज कडक' हे सुरू केलंत की पुन्हा तेच चक्र.

आणि झोपा. साडेअकरा ते पाच म्हणजे साडेपाच तास. शिकागोत २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, भूक २४ टक्क्यांनी, आणि ओढ गोड-खारट-पिठूळ पदार्थांकडे. प्रयोग छोटा आहे, पण रात्रपाळी केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. पहाटेचं काम रात्रीच दोघांनी मिळून निम्मं उरकलं तर पाचचे साडेपाच होतील.

उपासांबद्दल. श्रद्धेत मी पडत नाही, पण साबुदाण्यात पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नावालाच, चोथाही तसाच. दिवसभर चहा आणि दुपारी खिचडीची मोठी प्लेट, यात पोट तीन तास खूश आणि मग रिकामं. तुमची साखर काठावर असताना तर हे नकोच. उपासालाच चालणारे कितीतरी बरे पदार्थ आहेत: थोडी वरई आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही, पनीर, उकडलेलं रताळं. घरात चालत असेल तर उकडलेला बटाटासुद्धा. १९९५ मध्ये सिडनीत ३८ पदार्थ खायला घालून कोणत्याने पोट किती भरतं ते मोजलं, तेव्हा पहिला नंबर बिचाऱ्या उकडलेल्या बटाट्याचा आला होता. तळलेल्या वेफर्सचा नव्हे, आणि साखर तपासताय म्हणून एकच, मध्यम. सोमवारचा उपास सोडतानाही आधी फुटाणे-ताक, मग पान वाढा.

इंजेक्शनबद्दल नणंदेशी वाद घालू नका. सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड ही औषधं आता आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात, काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो. मळमळ, बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि औषध थांबलं की बहुतेकांचं वजन बरंचसं परत येतं. तुम्हाला नको असेल तर आज नको. पण ही औषधं काम कशी करतात ते लक्षात घ्या. ती जिद्द वाढवत नाहीत. भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांचे निरोप बदलतात. औषध घेतल्यावर ज्यांचं खाणं कमी होतं, ते आदल्या दिवशीपर्यंत आळशी होते आणि दुसऱ्या दिवशी निग्रही झाले, असं कोणी म्हणेल का?

एक गोष्ट मात्र मला तुमच्या पत्रावरून ठरवता येत नाही. रात्रीचं खाणं असं होतं का, की सुरू झालं की थांबवताच येत नाही, भूक नसतानाही, दुखेपर्यंत, कोणी पाहू नये म्हणून लपून, आणि नंतर स्वतःची किळस येते? असं आठवड्यातून एकदा तरी, तीनेक महिने चाललं असेल, तर त्याला वैद्यकात नाव आहे आणि उपचारही आहेत, आणि त्यात कुठलाही डाएटचा तक्ता नुकसानच करतो. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक, मग वजन. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. याशिवाय थायरॉइड तपासलं नसेल तर तपासा, आणि कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी भूक वाढते का ते डॉक्टरांना विचारा. साखरेसाठी औषध सुरू असणाऱ्या वाचकांनी तर डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

किती उतरायला हवं? पंचावन्न किलोचं स्वप्न बाजूला ठेवा. चार किलो, म्हणजे तुमच्या वजनाचे पाच टक्के, सावकाश उतरून टिकले तरी साखरेवर फरक दिसू लागतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तुमच्यासारख्याच काठावरच्या लोकांना आहार आणि चालण्यात बदल करायला लावला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत म्हणजे वजन फारसं न उतरताही. स्टेशनवरून घरी रिक्षाने येत असाल तर तेवढं चाला, आधी फुटाणे खाल्लेले असले की ते जमतं.

रोज सकाळी काट्यावर उभं राहणं बंद करा. मीठ, पाळी, आदल्या रात्रीचं जेवण, एवढ्यानेही काटा किलो-दीड किलो हलतो आणि तुमचा सगळा दिवस त्यावर ठरतो. आठवड्यातून एकदा पुरे. त्याऐवजी महिन्यातून एकदा कमरेला शिलाईची टेप लावा. बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा, तिच्याकडे सरकताय ना एवढं बघा. आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दिसते, त्यामुळे आदल्या आठवड्यात काकडीवर राहून तो आकडा सुधारता येत नाही.